खुराड्यातली उतरंड आणि पाण्याची चार भांडी

"निसर्गातच उच्च-नीच आहे. कोंबड्यांतसुद्धा जात असते. तुम्ही कुठं समतेच्या गोष्टी करता!"

हे वाक्य आम्ही पहिल्यांदा ऐकलं ते गावच्या चहाच्या टपरीवर. बोलणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक. आवाजात राग नव्हता, उलट समजूत घालण्याचा सूर होता. आसपासच्या चार जणांनी माना डोलावल्या. त्यांत दोन पोरं आपल्याच वस्तीतली होती.

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केलं आहे. त्या दिवशी उत्तर द्यायला आमच्याकडे शब्द भरपूर होते. पण कोंबड्यांबद्दल आम्हाला काडीचंही कळत नव्हतं, त्यामुळे शब्द हवेतच राहिले. पुढे आमच्याच अंगणात उत्तर सापडलं. त्यासाठी १९ कोंबड्या मेल्या, आणि त्यांतल्या सात आमच्या नव्हत्या. म्हणून हा लेख म्हणजे युक्तिवादही आहे आणि कबुलीही.

आमचं घर चंद्रपूर जिल्ह्यातल्या धानाच्या पट्ट्यात, गावाच्या टोकाच्या वस्तीत आहे. इथला उन्हाळा महाराष्ट्राला ठाऊक आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा टिनाच्या छपराखाली हात वर केला तरी भाजल्यासारखं होतं. गावात जुने वाडे आहेत, कडुनिंब आहेत, चिंचा आहेत. आमच्या वस्तीत टिनं आहेत, सिमेंटचा रस्ता आहे आणि दोन घरांच्या मध्ये हातभर जागा आहे. ऊन सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच पडतं असं म्हणतात. सावलीची वाटणी मात्र कधीच सारखी झालेली नाही.

आईच्या नऊ गावरान कोंबड्या होत्या. अंडी घरात, एखादा कोंबडा अडीअडचणीला. आम्ही बचत गटाच्या कामात होतो, परसातील कुक्कुटपालनाचे फायदे बायकांना समजावून सांगत होतो. आपणच आधी वाढवून दाखवावं या उत्साहात एप्रिलच्या शेवटी आठवडी बाजारातून सहा तलंगा आणल्या. भर दुपारी, पाय बांधून, पिशवीत घालून, एसटीने. घरी पोहोचलो तेव्हा सहाही जणींच्या चोची उघड्या होत्या. आम्ही त्यांचे पाय सोडले आणि थेट खुराड्यात सोडून दिलं.

शेजारच्या आजी कुंपणापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "पोरी, बाजारातली कोंबडी म्हणजे पाहुणी. पाहुण्याले कोणी पयल्याच दिवशी सैपाकघरात नेते का? महिनाभर अलग ठेव, डालग्याखाली."

आम्ही हसून म्हटलं, "आजी, एवढी कुठं जागा आहे आपल्याकडे?"

जागा नव्हती हे खरं. पण त्याहून खरं हे की आम्हाला आजींचं म्हणणं जुनाट वाटलं. आम्ही माहितीपत्रकं वाटणारे, आणि आजींना सही करता येत नाही.

पहिल्याच संध्याकाळी टोचाटोची सुरू झाली. जुन्या नवींच्या डोक्यावर, मानेवर चोची मारत होत्या. एकीच्या तुऱ्यातून रक्त आलं. लाल दिसलं की कोंबड्या त्याच जागी पुन्हा पुन्हा टोचतात, हे तेव्हा माहीत नव्हतं. आई म्हणाली, होईल दोन दिवसांत शांत. तिसऱ्या दिवशी दुपारी एक तलंग खुराड्याच्या कोपऱ्यात, टिनाच्या भिंतीला टेकून मेलेली सापडली. पंख पसरलेले, चोच उघडी.

पाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं.

भांडं एकच होतं, आणि सावलीचा तुकडाही एकच, त्या भांड्याभोवतीचा. त्या सावलीत जुन्या कोंबड्या बसलेल्या. नवी जवळ गेली की चोच बसायची. ती परत उन्हात जायची. कोंबडीला घाम येत नाही, तिच्या अंगात घामाच्या ग्रंथीच नाहीत. ती धापा टाकून, पंख अंगापासून दूर धरून आणि तुऱ्या-गलोलातून उष्णता बाहेर टाकते. धापा टाकताना शरीरातलं पाणी उडून जातं, म्हणून कडक उन्हाळ्यात तिला नेहमीच्या दुपटीहूनही जास्त पाणी लागू शकतं. त्या तलंगेला तीन दिवस पाणी डोळ्यांनी दिसत होतं.

हे इथे थांबलं असतं तरी पुरे होतं. सहाव्या दिवशी नवीतल्या एकीची विष्ठा हिरवी पातळ झाली. मग मान वाकडी झाली, पंख लोंबले, घशातून घरघर येऊ लागली. आमच्याकडे याला मानमोडी म्हणतात. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लक्षणं पाहून राणीखेत सांगितला. बाजारातून येताना ती आजार घेऊनच आली होती. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ जातो. तोवर ती इतरांसारखीच दिसते, खाते, ओरडते. आजी महिनाभर म्हणत होत्या तो हिशोब हाच होता. विषाणू हा शब्द त्यांना ठाऊक नसेल, पण किती दिवस वाट पाहायची हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पुढच्या दहा दिवसांत आमच्या उरलेल्या १४ पैकी ११ गेल्या. कोंबडीला कुंपण कळत नाही. आजींच्या आठांपैकी सात गेल्या. त्यांची नात त्या वर्षी बारावी झाली होती. जूनमध्ये कोंबड्या विकून तिच्या प्रवेशाचे पैसे भरायचे असं आजींनी ठरवलं होतं. शेवटी बचत गटातून व्याजाने पैसे काढावे लागले. ज्या गटाच्या बैठकीत आम्ही कुक्कुटपालनाचे फायदे सांगितले होते, त्याच गटातून.

खड्डा खणून, चुना टाकून आम्ही त्या पुरल्या. पुढच्या रविवारी विहारात पंचशील म्हणताना पहिल्याच शीलावर आवाज अडखळला. आजींना पैसे द्यायला गेलो तर त्या म्हणाल्या, "पैसे नको. कोंबड्या दे. पण महिनाभर ठेवून दे." रागाचा एक शब्द नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या वेळी आम्ही शिकून मग केलं. काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण चळवळीतल्या अनेक घरांत, विशेषतः आयाबहिणींच्या हातात, हाच एक छोटा आधार असतो.

पहिली गोष्ट, वेळ. आम्ही नव्या कोंबड्या जानेवारीच्या शेवटी आणल्या, सकाळच्या थंडाव्यात, हवेशीर टोपल्यात. महिन्याचं विलगीकरण आणि नंतरची भांडणं हे सगळं मार्च तापायच्या आत आटपावं, हा हेतू. नवी जागा, नवं खाणं, नवी भांडणं हा ताण असतोच. त्यावर एप्रिल-मेचं ऊन चढलं की अशक्त पक्षी टिकत नाही. एकटी कोंबडी कधीच आणायची नाही. चार-पाच एकत्र, जुन्यांच्या साधारण अंगाच्या. एकटी आली की सगळ्या चोची तिच्यावरच पडतात. लहान पिल्लं तर मोठ्यांत सोडायचीच नाहीत.

दुसरी गोष्ट, ३० दिवस वेगळं ठेवणं. जागा नाही म्हणणाऱ्या आम्हालाच मग अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, न्हाणीच्या भिंतीआड जागा सापडली. भांडी वेगळी, झाडू वेगळा. आधी जुन्यांना खायला घालायचं, नंतर नव्यांना, आणि मग हात-चपला धुवायच्या. उलटा क्रम झाला की आपणच आजार वाहून नेतो. रोज विष्ठा, डोळे, नाक पाहायचं, पिसांखाली उवा-गोचिडी आहेत का तपासायचं. याच काळात त्या सावरल्यावर जंताचं औषध आणि लस. राणीखेतची लासोटा लस पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात. आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी लस टोचतात. लस निरोगी पक्ष्यालाच द्यायची, सकाळी लवकर, आणि दवाखान्यापासून अंगणापर्यंत ती बर्फातच आणायची. उन्हात तापलेली लस टोचून उपयोग नाही.

तिसरी गोष्ट, नुसतं दिसू देणं. महिना संपल्यावर आम्ही खुराड्याच्या बाजूलाच जाळी लावून नव्यांना ठेवलं. दोन्हीकडच्या एकमेकींना पाहतात, आवाज ओळखतात, पण चोच पोहोचत नाही. असे दहा दिवस. मग एका रात्री, सगळ्या बसल्यावर, अंधारात नव्यांना उचलून जुन्यांच्या शेजारी दांडीवर बसवलं. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, ती भांडायला उठत नाही. पहाटे थंड वेळेला सगळ्या एकत्रच जागा होतात. त्या दिवशी आम्ही कामावर गेलो नाही, अंगणात बसून राहिलो.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. पाण्याची चार भांडी. मातीची परळं, चार कोपऱ्यांत, चारही ठिकाणी सावली. एका भांड्याजवळून दुसरं भांडं सहज दिसेल, पण एका कोंबडीला दोन्ही भांडी अडवता येणार नाहीत, एवढं अंतर. दुपारी पाणी बदलायचं, कारण तापलेलं पाणी कोंबडी पीत नाही. कणी-कोंडा दोन-तीन ठिकाणी टाकायचा, तोही पहाटे आणि सूर्य कलल्यावर. अन्न पचताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून भर दुपारी पोट भरलेलं नको. टिनावर तणस अंथरून त्यावर पाणी मारायचं. एका बाजूला आम्ही फांद्यांचा मांडव घातला. मान उघडी असलेली एक कोंबडी आमच्या नव्यांत होती, लोक तिला कुरूप म्हणायचे. मे महिन्यात सगळ्यांत कमी धापा तीच टाकत होती. पिसं कमी, म्हणून अंगातली उष्णता लवकर बाहेर जाते. उन्हाळ्यात अंड्याचं कवच पातळ झालं तर तेही समजून घ्या. सतत धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचाला लागणारा कॅल्शियम कार्बोनेट नीट बनत नाही. शिंपल्यांचा चुरा आणि सावली, दोन्ही द्या.

भांडणं झाली का? झाली. तीन-चार दिवस जोरात, मग कमी, साधारण दहा दिवसांत घडी बसली. रक्त आलं ती तासाभरात वेगळी केली, जखम भरल्यावर परत आणली. त्या मेमध्ये आमची एकही कोंबडी मेली नाही.

आता त्या टपरीवरच्या वाक्याकडे येतो.

कोंबड्यांत उतरंड असते, हे खरं आहे. थोरलीफ श्येल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या संशोधकाने १९२२ साली छापलेल्या निबंधात तिचं वर्णन केलं. कोण कोणाला टोचते आणि कोण कोणाची चोच निमूट सोसते, याचा क्रम कळपात लागलेला असतो. आम्हीही तो पाहिला. आणखी एक गोष्ट पाहिली. आमच्या खुराड्यात तरी, नव्यांना सगळ्यांत जास्त टोचणारी कोंबडी ही सगळ्यांत वरची नव्हती. ती तळापासून दुसरी होती. वरची एकदा चोच मारून निघून जायची. ही मात्र दिवसभर पाठलाग करायची, कारण पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याखाली आलं होतं. हे पाहताना बाबासाहेबांनी मांडलेली श्रेणीबद्ध विषमतेची संकल्पना आठवणं साहजिक होतं. प्रत्येकाच्या खाली कुणीतरी आहे, म्हणून उतरंड टिकते.

पण साम्य इथे संपतं. सगळी फसवणूक पुढच्या पावलात आहे, म्हणून तिथे सावध राहायला हवं.

कोंबडीची जागा तिची एकटीची असते. ती तिच्या आईकडून येत नाही आणि पिल्लांना मिळत नाही. आमच्या सगळ्यांत दबलेल्या कोंबडीची अंडी आम्ही एका खुडूक कोंबडीखाली ठेवली होती. त्यातली एक पिल्लू मोठी होऊन वर्षभरात दुसऱ्या क्रमांकावर गेली. तिच्या आईचं नाव तिला कुणी विचारलं नाही. जातीत मात्र माणूस जन्मायच्या आधीच त्याची जागा ठरलेली असते. तो कितीही शिकला, कितीही कमावला, तरी गावात पहिला प्रश्न आडनावाचाच येतो.

दुसरं, १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचं मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे हे दाखवून दिलं. म्हणजे जात ही माणसांनी लग्नाच्या नियमांनी बांधलेली भिंत आहे. कोंबड्यांमध्ये कोण कोणाशी जोडी करणार यासाठी पंचायत बसत नाही, आणि जोडी केली म्हणून कुणाचा खून पडत नाही.

तिसरं, कोंबडीच्या उतरंडीला धर्मशास्त्र नाही. टोचणारी कोंबडी टोचलेलीला सांगत नाही की हे तुझ्या मागच्या जन्माचं फळ आहे. टोचलेलीही ते मानून घेत नाही, संधी मिळाली की उलटून उभी राहते. नवी कोंबडी आली, जुनी गेली, की सगळा क्रम पुन्हा मांडला जातो. म्हणून कोंबड्यांच्या क्रमाला जात म्हणणं हा कोंबड्यांवर अन्याय आहे.

आणि समजा, असतीच ही गोष्ट निसर्गात. मग काय? राणीखेतही निसर्गातच आहे. देवी, पटकी, प्लेग सगळं निसर्गातलंच. "निसर्गात आहे" म्हणून ते गुरुजी आपल्या नातवाची लस थांबवतील का? जे निसर्गात आहे तेच योग्य, हा नियम फक्त विषमतेची बाजू घ्यायची असते तेव्हाच कसा आठवतो?

त्या भरल्या भांड्याकडे पाहताना आम्हाला महाड आठवलं होतं. हे लिहिताना हात थबकतो, कारण माणसांची तुलना कोंबड्यांशी करायची नाही, तेच तर समोरचे करतात. फरक आधी सांगतो. आमची तलंग आमच्या अज्ञानाने मेली. २० मार्च १९२७ च्या आधी चवदार तळ्यावर माणसांना पाणी नाकारलं जात होतं ते जाणूनबुजून, कायदेमंडळाचा आणि नगरपालिकेचा ठराव बाजूने असतानाही. तळ्यात पाणी होतं, तळ्यापर्यंतची वाट अडवलेली होती. एवढी गोष्ट मात्र आम्ही खुराड्यातून शिकलो, की भांडं भरलेलं आहे हे पुरेसं नसतं. तिथपर्यंत कोण पोहोचतंय हे बघावं लागतं. शिष्यवृत्ती असो, घरकुल असो की गावातली नळयोजना, कागदावर भांडं नेहमीच भरलेलं असतं.

शेवटची गोष्ट लसीची. राणीखेतच्या लसीची बाटली साधारण १०० मात्रांची असते, आणि पातळ केल्यावर काही तासांतच ती संपवावी लागते. सात-आठ कोंबड्या असणाऱ्या एका घरासाठी ती कोण फोडणार? म्हणजे लस हवी तर शंभर कोंबड्या एकत्र आल्या पाहिजेत, आणि शंभर कोंबड्या म्हणजे १२-१५ घरं. आम्ही वस्तीत नावं लिहिली, तर ६० भरल्या. उरलेल्या ४० गावातून हव्या होत्या. आम्ही विहारासमोरची जागा सुचवली. गावातल्या बायकांनी नाही म्हटलं नाही, पण कुणी आलंही नाही. मग आजी स्वतः चार घरं फिरल्या. म्हणाल्या, "तुमची कोंबडी रोज आमच्या उकिरड्यावर चरते. ती बाटली की आता?" दुसऱ्या खेपेला शाळेसमोर, पहाटे सहाला लसीकरण झालं. ११२ कोंबड्या आल्या, बाटल्या दोन फोडाव्या लागल्या. डालगी एकमेकींना खेटून ठेवलेली होती आणि कुणाची कोणती हे ओळखण्यासाठी पायाला चिंध्या बांधल्या होत्या. त्या दिवशी जात मोडली असं आम्ही म्हणणार नाही. विहारासमोर त्या अजूनही येत नाहीत. पण वस्तीतला आजार वस्तीतच राहत नाही, हे गावाला त्या सकाळी समजलं.

आजींना आम्ही सात कोंबड्या दिल्या. महिनाभर ठेवून, लस देऊन. आजींनी त्या घेतल्या आणि पुन्हा आपल्या डालग्याखाली आणखी आठ दिवस ठेवल्या. आमच्यावर अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही, आणि ते योग्यच आहे. नात शिकते आहे. गटाचं व्याज फिटलं, मुद्दल थोडं बाकी आहे, त्यातला अर्धा हप्ता आम्ही भरतो.

मित्रांनो, टपरीवर, वर्गात, मोबाईलवर हे वाक्य तुमच्याही कानावर येईल की कोंबड्यांतसुद्धा जात असते. तेव्हा चिडू नका. शांतपणे एवढंच विचारा, "काका, पाण्याची भांडी किती ठेवली होती?"

जय भीम.